प्लेगची साथ, पुण्यातील (१८९६–९७)

पुणे शहरात १८९६ च्या अखेरीस उद्भवलेली व १८९७ च्या पूर्वार्धात शिगेस पोहोचलेली गाठीच्या प्लेगची पहिली साथ. महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात ही साथ मुख्यतः रँडच्या वधामुळे आणि ⇨ लोकमान्य टिळक यांच्यावरील राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यामुळे स्मरणात राहिली आहे. तथापि वध व खटला या दोन्ही घटना साथ ओसरल्यानंतरच्या होत. त्यांच्या आधीच्या काही आठवड्यांत शहरातील सामान्य माणसाचे घर, बाजारहाट, प्रवास, सणवार व अंत्यविधी यांचे नित्याचे वळण पालटले. लोकांच्या संतापाचे मूळ मृत्यूंच्या संख्येपेक्षा या पालटात अधिक आहे. प्रस्तुत नोंदीत त्या आठवड्यांचा विचार प्रामुख्याने शुक्रवार पेठेतील मंडई व तिच्या भोवतालची पेठवस्ती यांच्या संदर्भात केला आहे.

प्लेगची तिसरी जागतिक साथ चीनच्या युनान प्रांतातून पसरत १८९४ मध्ये कँटन व हाँगकाँग येथे पोहोचली. त्याच वर्षी हाँगकाँग येथे आलेक्सांद्र येर्सँ (१८६३–१९४३) या शास्त्रज्ञाने प्लेगचा जंतू ओळखला. समुद्रमार्गे ही साथ मुंबईस आली आणि सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्णांस प्लेग झाल्याचे निदान डॉ. अकासिओ व्हिएगस (१८५६–१९३३) यांनी केले. मांडवी ही धान्याच्या वखारींची वस्ती होती. माणसे आजारी पडण्यापूर्वी तेथे मेलेले उंदीर आढळत होते. फेब्रुवारी १८९७ पर्यंत मुंबईच्या सु. साडेआठ लाख लोकसंख्येपैकी जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. त्यांतील पुष्कळांची वाट घाटावरची होती. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ पासून अखंड सुरू असल्याने मुंबईचा माणूस एका दिवसात पुण्यास पोहोचत असे. ऑक्टोबर १८९६ पासून पुण्यात मुंबईहून आलेल्या उतारूंमध्ये तुरळक रुग्ण दिसू लागले आणि डिसेंबरात शहरात राहणाऱ्या माणसांना लागण होऊ लागली.

त्या वेळचे पुणे हे पेठांचे, वाड्यांचे आणि अरुंद गल्ल्यांचे शहर होते. लष्कराचा विभाग वगळता शहराची वस्ती एक लाखाहून काहीशी अधिक होती. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे, मध्ये चौक, त्यात विहीर किंवा हौद, आणि बहुतेक घरांतून वर्षाच्या बेगमीचे धान्य साठवलेले, अशी सर्वसाधारण मांडणी असे. भाजीपाल्याचा बाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरत असे. तो बंदिस्त इमारतीत हलवावा म्हणून नगरपालिकेने शुक्रवार पेठेत खासगीवाल्यांच्या जागेवर मोठी दगडी मंडई बांधली. तिच्यासाठी सु. ३ लाख रुपये खर्च होणार होता. नगरपालिकेचे सदस्य असताना ⇨ महात्मा जोतीराव फुले यांनी या खर्चास विरोध केला होता. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडई १८८६ मध्ये खुली झाली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला फुले यांचेच नाव देण्यात आले.

प्लेगच्या वेळी ही इमारत जेमतेम दहा वर्षांची होती, पण शहराचा दिनक्रम तिच्याभोवती बसून गेला होता. आसपासच्या मळ्यांतून पहाटे बैलगाड्या व डोक्यावरच्या पाट्या येत. माळी व बागवान समाजातील विक्रेते गाळ्यांवर आणि बाहेरच्या रस्त्यावर माल मांडून बसत. गरीब गिऱ्हाईक तागडीने तोलून घेण्याऐवजी भाजीचा वाटा घेई. हमाल, पाटीवाल्या, किरकोळ विक्रेते व झाडूवाले यांचे पोट त्याच दिवसाच्या कमाईवर अवलंबून असे. मंडईला लागून तुळशीबाग, पलीकडे बुधवार व रविवार पेठांतील दुकाने असा हा सलग बाजाराचा पट्टा होता. शहराने एकमेकांपासून दूर राहावे असे ठरवले, तरी येथे त्याला रोज एकत्र यावेच लागे.

साथीच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, शहरावर बाहेरून कोणतीही सक्ती आली नव्हती. जो बदल झाला तो लोकांनी स्वतःहून केला. गाठीचा ताप, ग्रंथिक सन्निपात अशी नावे वृत्तपत्रांतून व बोलण्यातून रूढ होऊ लागली. काखेत वा जांघेत गाठ, कडक ताप, वात आणि चार-पाच दिवसांत मृत्यू असा आजाराचा क्रम असल्याने वैद्य-डॉक्टरांच्या उपचारांवरचा भरवसा लवकर उडाला. याच काळात ‘उंदीर पडणे’ हा शब्दप्रयोग मराठीत भयसूचक बनला. घरात उंदीर पडला की बिऱ्हाड हलवायचे, ही रीत कोणी शिकवली नव्हती. ती अनुभवातून आली होती. ज्यांचे गावी घर किंवा शेत होते ते तिकडे गेले. ज्यांना ते शक्य नव्हते त्यांनी शहराबाहेरच्या माळावर झोपड्या घातल्या. फेब्रुवारी १८९७ च्या अखेरीस शहरात ६५७ मृत्यू झाले होते आणि निम्म्याच्या आसपास लोकांनी शहर सोडले होते.

या स्थलांतराचा बाजारावर झालेला परिणाम दुहेरी होता. गिऱ्हाईक निम्म्याने घटले, तर दुसरीकडे १८९६ च्या अवर्षणामुळे दख्खनमध्ये दुष्काळ पडून धान्य महागले होते. प्लेग व दुष्काळ एकाच हंगामात आल्याने रोजच्या मजुरीवर जगणाऱ्यांना शहर सोडणेही परवडत नव्हते आणि शहरात राहूनही पुरेसे काम मिळत नव्हते. शहर सोडणाऱ्यांत सावकार, वकील, पेन्शनर व सरकारी नोकर यांचे प्रमाण साहजिकच मोठे होते. पुढारी म्हणवणारे लोक शहर सोडून गेल्याबद्दल टिळकांनी केसरीतून कठोर टीका केली. ते स्वतः शहरातच राहिले. मागे राहिले ते हमाल, विक्रेते, कारागीर, सफाई कामगार, आणि म्हातारे वा आजारी माणूस घरात असल्याने अडकलेली कुटुंबे. पुढे जी तपासणी झाली ती अर्ध्या रिकाम्या व मागे राहिलेल्यांच्या शहरात झाली, ही बाब राजकीय इतिहासाच्या लेखनात फारशी लक्षात घेतली जात नाही.

दरम्यान सरकारी पातळीवर निराळ्या हालचाली चालू होत्या. भारतातून येणाऱ्या जहाजांवर व मालावर बंदी घालण्याचा आग्रह यूरोपीय राष्ट्रांनी धरला होता आणि याच प्रश्नावर फेब्रुवारी–मार्च १८९७ मध्ये व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. व्यापार टिकवायचा तर साथ आटोक्यात आणण्यासाठी आपण कडक उपाय करीत आहोत, हे दाखविणे ब्रिटिश सरकारला आवश्यक होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा अधिनियम संमत झाला. हा अवघ्या चार कलमांचा कायदा होता. त्यान्वये प्रवाशांची तपासणी करणे, संशयित रुग्णांना रुग्णालयात वा अन्यत्र वेगळे ठेवणे व त्यासाठी लागतील ते नियम करणे, हे अधिकार सरकारला मिळाले. नियमभंग हा भारतीय दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखाली गुन्हा ठरला. चौथ्या कलमाने या कायद्याखाली सद्‌भावनेने काम करणाऱ्या कोणाही विरुद्ध दावा लावण्यास बंदी केली. पुण्यातील पुढील घटना समजण्यास हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे; कारण ज्याच्या घरची चीजवस्तू जाळली गेली त्याला न्यायालयात दाद मागण्याची वाट जवळजवळ उरली नव्हती.

सातारा जिल्ह्याचा असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड (१८६३–९७) याची पुण्यात प्लेगच्या कामावर नेमणूक झाली. १८९४ मध्ये वाई येथील वाद्यप्रकरणी त्याने हिंदू पुढाऱ्यांना शिक्षा केल्यामुळे त्याचे नाव पुण्यात आधीच अप्रिय होते. मार्चच्या आरंभी त्याच्या अध्यक्षतेखाली खास प्लेग समिती स्थापन झाली. लेफ्टनंट कर्नल फिलिप्स व लष्करी डॉक्टर बेव्हरिज हे तिचे अन्य सदस्य होते. नगरपालिकेस हे काम झेपत नाही, असे सरकारचे मत होते. समितीच्या हाताखाली मेजर पॅजेटच्या नेतृत्वाखालील गोरे व एतद्देशीय मिळून ८९३ अधिकारी व शिपाई देण्यात आले. १३ मार्च १८९७ रोजी घरतपासणी सुरू झाली व ती १९ मे पर्यंत चालू राहिली.

या तपासणीची पद्धत साधारणतः अशी होती. एखादा भाग वा गल्ली निवडून शिपायांच्या तुकड्या सकाळीच येत. तुकडीत गोऱ्या शिपायांबरोबर वाटाड्या म्हणून एखादा स्थानिक गृहस्थ असे. घरातील माणसांना बाहेर काढून त्यांच्या काखा-जांघा पाहिल्या जात; कुलपे असल्यास ती तोडण्यात येत; माजघर, देवघर, स्वयंपाकघर, माळा असे काहीही तपासणीतून वगळले जात नसे. रुग्ण सापडल्यास त्याला प्लेगच्या रुग्णालयात आणि त्याच्या घरच्यांना शहराबाहेरच्या विलगीकरण छावणीत नेण्यात येई. घरातील अंथरूण-पांघरूण व जुने कपडे जाळले जात, जमीन उकरून जंतुनाशक द्रावण शिंपडले जाई आणि भिंतींना चुना फासला जाई. सैनिकांनी सौजन्याने वागावे व धार्मिक भावना दुखवू नयेत, असे लेखी आदेश होते. स्त्रियांच्या तपासणीसाठी स्त्रिया नेमण्याचीही तजवीज होती. परंतु ती सर्वत्र पुरी पडली नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. घर सोडून उघड्यावर राहणे हे लोकांना नवीन नव्हते. ते स्वतःच तसे करीत होते. छावणीत जाण्याचे दुःख उघड्यावर राहण्याचे नव्हते. ते होते कोणाच्या तरी हुकमाने, सोबत काय न्यावे याचा विचार करण्यास सवड न देता, कुटुंबातील माणसांची ताटातूट करून जाण्याचे. माळावर झोपडी घालणारा माणूस दागदागिने, भांडीकुंडी व दुभते जनावर बरोबर नेत असे; घराला कुलूप लावून शेजाऱ्याला लक्ष ठेवण्यास सांगत असे. छावणीत जाणाऱ्याचे घर मात्र उघडे पडे. पुण्याच्या सनातनी समाजात परक्या पुरुषाने, त्यातून गोऱ्या शिपायाने, स्वयंपाकघरात व देवघरात बुटांसह पाऊल टाकणे हा विटाळ होता. पण या तक्रारी केवळ सनातन्यांच्या होत्या असे मानणे बरोबर नाही. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनीदेखील प्लेगच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या व्यवस्थेवर १८९७ मध्ये जाहीर टीका केली; त्यांना सनातनी पक्षाच्या म्हणता येणार नाही.

मंडईच्या परिसरात या आठवड्यांत दिसलेला सर्वांत ठळक बदल म्हणजे बाजार व घर यांमधील नाते तुटले. सकाळी बाजारास निघालेल्या माणसाला परत येईपर्यंत आपल्या आळीत तपासणी झाली असेल काय, घरच्या कोणाला नेले असेल काय, याची धास्ती असे. घरात साधा ताप आला तरी तो लपविण्याकडे कल वाढला, कारण रोगाइतकेच रुग्णालयाचे भय होते. रुग्णालयात माणसे मारतात, त्यांच्या देहापासून औषधी तेल काढतात, अशा अफवा मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरल्या होत्या. बाजार हा बातम्यांचाही बाजार असतो. वृत्तपत्र न वाचणाऱ्यांना कोणत्या आळीत शिपाई आले, कोणाच्या घरी उंदीर पडले, छावणीत काय खायला देतात, हे भाजीच्या वाट्याबरोबरच कळत होते. समितीने मराठीतून जाहीर सूचना काढल्या खऱ्या, पण लोकांचा विश्वास तोंडी वार्तेवर अधिक होता आणि ती वार्ता सहसा भयाचीच असे.

मृत्यूचा व्यवहारही बदलला. घरमालकाने वा भाडेकऱ्याने प्रत्येक मृत्यूची व संशयित आजाराची वर्दी देणे सक्तीचे झाले. नोंद झाल्याखेरीज प्रेत हलविणे बेकायदा ठरले. प्लेगच्या प्रेतांसाठी ठराविक जागा नेमून देण्याचा व अन्य जागा बंद करण्याचा अधिकार समितीला मिळाला. ज्या समाजात माणूस गेल्यावर आप्तेष्ट व आळीतले लोक आपसूक जमतात, तेथे प्रेतास खांदा देण्यास माणूस मिळणे कठीण झाले. शेजारधर्माची ही पडझड कायद्याने घडविली की भीतीने, हे वेगळे काढून सांगता येत नाही. दोहोंनी मिळून ती घडविली.

सणांचे दिवसही याच आठवड्यांत आले. होळी तपासणीच्या पहिल्याच आठवड्यात आली. एप्रिलच्या आरंभी गुढीपाडवा आला. एरवी या दिवशी मंडईत कडुलिंबाचे डहाळे, झेंडूची फुले व साखरेच्या गाठी यांची मोठी खरेदी असते. त्या वर्षीचा संपूर्ण चैत्र, म्हणजे तुळशीबागेतील रामनवमीचा उत्सव आणि घरोघरचे चैत्रगौरीचे हळदीकुंकूही, तपासणीच्या काळातच गेला. त्यामागून येणारा वैशाख हा लग्नसराईचा महिना; परंतु परगावी जाणाऱ्या-येणाऱ्यांची लोहमार्गाच्या स्थानकांवर तपासणी होत असल्याने वऱ्हाडाचा प्रवासही सोपा राहिला नाही. क्वारंटीन हा शब्द याच सुमारास मराठी बोलण्यात रुळला.

या काळात स्थानिक पातळीवर उभ्या राहिलेल्या मदतीच्या कामांची नोंद आवश्यक आहे. सरकारी रुग्णालयाखेरीज हिंदू, मुसलमान व पारशी यांच्यासाठी स्वतंत्र रुग्णालये निघाली. हिंदू प्लेग रुग्णालय टिळकांच्या पुढाकाराने लोकवर्गणीतून सुरू झाले. छावणीतील लोकांसाठी त्यांनी अन्नछत्रही चालविले. जातवार व धर्मवार रुग्णालये हा आजच्या दृष्टीने मागासलेला उपाय वाटेल. पण सोवळेओवळे पाळणारा रुग्ण आपल्या माणसांच्या हातचे पाणी मिळेल या भरवशावरच घराबाहेर पडत होता. टिळकांनी सरकारी उपायांना सरसकट विरोध केला, ही समजूत चुकीची आहे. विलगीकरणाची गरज त्यांना मान्य होती. त्यांचा आक्षेप तपासणीच्या पद्धतीवर व ती सैनिकांकरवी होण्यावर होता, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यांचा सूर उत्तरोत्तर तीव्र होत गेला.

शहराच्या पूर्वेस फुले यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी सासाणे मळ्यात रुग्णालय उघडले. ⇨ सावित्रीबाई फुले (१८३१–९७) तेथे रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून रुग्णालयात आणले. त्यातून त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी, म्हणजे घरतपासणी सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, त्यांचे निधन झाले. ज्या वस्तीकडे कोणतेही स्वतंत्र जातीय रुग्णालय वळले नसते, तेथील रुग्णासाठी हे काम होते. प्लेगविषयक राजकीय वादविवादात या रुग्णालयाचा उल्लेख दीर्घकाळ अभावानेच होत राहिला.

तपासणीतील सैनिकांच्या वर्तनाविषयीचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. स्त्रियांचा हेतुपुरस्सर अपमान झाल्याची विश्वसनीय तक्रार आपल्याकडे आली नाही, असे समितीच्या अहवालात म्हटले आहे. उलट वृत्तपत्रांतून मारहाण, चोरी, देवमूर्तींची विटंबना व स्त्रियांशी असभ्य वर्तन यांच्या तक्रारी सतत प्रसिद्ध होत होत्या. त्या वेळी इंग्लंडमध्ये असलेले ⇨ गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गंभीर आरोप जाहीर केले. पुरावा देण्यास कोणी पुढे न आल्याने परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. या माफीवरून सर्वच तक्रारी खोट्या होत्या, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. ज्या समाजात अत्याचार झालेल्या स्त्रीचे नाव उघड होणे हीच शिक्षा मानली जाई, तेथे साक्षीदार न मिळणे स्वाभाविक होते; त्याचबरोबर ऐकीव वार्ता फुगत गेल्या असणे हेही तितकेच संभवनीय आहे. दंडेली, मालमत्तेची नासधूस व अकारण अपमान यांबाबत मात्र तक्रारींचे प्रमाण व एकवाक्यता पाहता शंकेस फारशी जागा राहत नाही.

पहिल्या साथीत पुण्यात प्लेगने मेलेल्यांची नोंदलेली संख्या २,०९१ आहे. मे महिन्यात साथ ओसरली व याचे श्रेय समितीने स्वतःकडे घेतले. नंतरच्या संशोधनाच्या प्रकाशात हे श्रेय मर्यादित ठरते. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो, हे फ्रेंच वैद्य पोल-लुई सिमाँ (१८५८–१९४७) याने १८९८ मध्ये प्रतिपादिले आणि पुढील दशकात भारतातील प्लेग संशोधनाने ते मान्य केले. १८९७ मध्ये मात्र रोगाचे मूळ घाणीत, जमिनीत, कपड्यांत व रुग्णाच्या शरीरात शोधले जात होते. त्यामुळे माणसे घराबाहेर काढली गेली, परंतु उंदीर तेथेच राहिले. किंबहुना जमिनी उकरल्याने ते शेजारच्या घरांत पांगले असण्याची शक्यता आहे. उन्हाळ्यातील कोरड्या उष्णतेत पिसवा टिकत नाहीत व प्लेग आपोआप उतरतो, हा दख्खनमधला पुढील सर्व वर्षांचा अनुभव आहे. या दृष्टीने पाहता, उंदीर पडताच घर सोडून माळावर जाण्याची लोकांची रीत हीच त्या काळातील सर्वांत शास्त्रशुद्ध खबरदारी होती. छावण्यांचा जो काही उपयोग झाला तोही माणसे धान्याच्या व उंदरांच्या घरांतून बाहेर पडली म्हणून झाला. प्लेगमध्ये घर हे धोक्याचे ठिकाण होते आणि उघडा बाजार तुलनेने निर्धोक. मंडईपेक्षा भुसार मालाच्या वखारी व धान्याच्या कणग्या अधिक घातक होत्या.

तपासणी थांबल्यानंतर महिन्याभराने, २२ जून १८९७ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर ⇨ चापेकर बंधू यांनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ व रँड ३ जुलै रोजी मरण पावला. शहरावर जादा पोलीस बसविण्यात आले, नातू बंधूंना स्थानबद्ध करण्यात आले आणि टिळकांना अटक होऊन सप्टेंबरमध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. प्लेग मात्र शरद ऋतूत परतला आणि त्यानंतरची अनेक वर्षे येत राहिला. भारतात पुढील पंचवीस वर्षांत या रोगाने एक कोटीहून अधिक बळी घेतले. पुणे व मुंबई येथील अनुभवानंतर सरकारने सक्तीचे धोरण क्रमाक्रमाने सैल केले. व्हाल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) याने जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत तयार करून प्रथम स्वतःवर वापरलेल्या लसीचा प्रसार समजावणीने करण्यावर भर देण्यात आला.

पुण्याच्या वाढीवरही या साथींचा ठसा उमटला. दरवर्षी थंडीत माळावर झोपड्या घालणे हा काही काळ शहराच्या जीवनक्रमाचा भाग बनला. ज्यांना शक्य होते त्यांनी पेठांबाहेर मोकळ्या जागेत कायमची घरे बांधली. ⇨ धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १८९६ मध्ये स्थापिलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये शहरातून हिंगणे येथे नेला, त्यास शहरातील प्लेग हेही एक कारण होते. मंडई मात्र जागची हलली नाही.

या घटनांनंतर सव्वाशे वर्षांनी करोना विषाणूच्या साथीत याच परिसराने वेगळ्या स्वरूपाचा बदल अनुभवला. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले दोन रुग्ण पुण्यातच आढळले. १३ मार्च रोजी राज्य शासनाने १८९७ चाच अधिनियम लागू केला. ही तारीख रँडच्या घरतपासणीच्या पहिल्या दिवसाची होय, हा योगायोग. २२ मार्चला जनता संचारबंदी आणि २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी झाली. टाळेबंदीचा पहिला दिवस गुढीपाडव्याचा होता. मंडई-तुळशीबागेचा परिसर ओस पडला. भाजीविक्री विखरून मोकळ्या जागांत व गृहसंस्थांच्या दारांत गेली. दुकानांपुढे उभे राहण्यासाठी ठराविक अंतरावर चौकोन आखले गेले. एप्रिलमध्ये मध्यवर्ती पेठांतील मोठा भाग बंद करण्यात आला. श्वासावाटे पसरणाऱ्या या रोगात १८९७ च्या नेमके उलट घडले : घर हे सुरक्षित ठिकाण ठरले व गर्दीचा बाजार धोक्याचा. हातावर पोट असलेल्या विक्रेत्या-हमालांची कोंडी मात्र दोन्ही वेळा सारखीच होती. प्लेगच्या वेळी ती गिऱ्हाईक शहर सोडून गेल्याने झाली, तर करोनाच्या वेळी गिऱ्हाईक घरात बसल्याने. या वेळी आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांच्या तक्रारी देशाच्या अनेक भागांतून आल्या. मूळ कायद्यात त्यांच्या संरक्षणाची वेगळी शिक्षा-तरतूद नसल्याने केंद्र शासनाने २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढला व पुढे त्याच वर्षी संसदेने १८९७ च्या अधिनियमात तशी दुरुस्ती केली.